शासनाची भूमिका काय?

अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल एरिक होल्डर यांनी २३ फेब्रुवारी २०११ रोजी प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांना एक पत्र पाठवलं. त्या पत्राचा प्रिंटआउट माझ्या ग्रीन कार्डच्या फायलीत अगदी वर लावलेला आहे. इतर सगळे कागद त्याच्या खाली.

पत्रातला मुद्दा असा. १९९६ साली झालेल्या ‘डिफेन्स ऑफ मॅरेज अ‍ॅक्ट’चं, म्हणजे सगळे ज्याला डोमा म्हणतात त्याचं, तिसरं कलम घटनेत बसत नाही असं राष्ट्राध्यक्ष ओबामांचं आणि न्याय खात्याचं मत झालं आहे. ज्या समलिंगी जोडप्यांचं लग्न आपापल्या राज्याच्या कायद्याने रीतसर झालं आहे, त्यांच्या बाबतीत खातं यापुढे कोर्टात या कलमाचा बचाव करणार नाही. मात्र संसदेने ते रद्द करेपर्यंत किंवा कोर्टाचा शेवटचा निकाल लागेपर्यंत सरकार त्याची अंमलबजावणी करत राहील.

पुढची जवळजवळ तीन वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत काढली.

तिसऱ्या कलमाने केंद्र सरकारच्या प्रत्येक कायद्यापुरती लग्नाची व्याख्या बांधून टाकली होती : एक पुरुष, एक स्त्री. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ पासून समलिंगी लग्नं होत होती. राज्य त्यांना नवरा-नवरा, बायको-बायको म्हणून ओळखत होतं, पण वॉशिंग्टनच्या लेखी ती दोन अनोळखी माणसं होती. लग्नावर अवलंबून असलेल्या केंद्रीय तरतुदींची २००४ साली सरकारनेच मोजदाद केली, तेव्हा ११३८ तरतुदी निघाल्या. त्यातली मला हवी होती ती एकच : अमेरिकन नागरिकाला आपल्या जोडीदारासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, ती.

मी मूळची साताऱ्याची. एमएस करायला आले, नोकरी लागली, एच-वन बी व्हिसावर राहिले. कंपनीने माझं ग्रीन कार्ड लावलं होतं, पण भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की त्या काळात दहा-दहा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचे नंबर लागत होते. नोकरी गेली तर गाशा गुंडाळायचा. माझी जोडीदार न्यू जर्सीतच जन्मलेली, सरकारी शाळेत शिकवणारी. शेजारच्या टेबलावरच्या तेलुगू मुलाने अमेरिकन मुलीशी लग्न केलं आणि वर्षाच्या आत त्याचं कार्ड आलं. आम्ही त्याच्या आधीपासून एकत्र राहत होतो. मला त्याचा हेवा वाटला नाही, पण रात्री झोप लागायची नाही. कंपनीत माणसं कमी करण्याची चर्चा सुरू झाली की आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

होल्डर यांचं पत्र आलं त्या रात्री मी बाबांना फोन केला. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्याबद्दल आईबाबांना मी २००९ च्या जुलैत सांगितलं होतं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाविरुद्ध दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला त्या आठवड्यात. आई खूप रडली. बाबा गप्प झाले आणि गप्पच राहिले. फोनवर हवापाणी, तब्येत, पगार, एवढंच. तो विषय आम्ही कुणीच काढत नव्हतो.

पण या पत्राचं सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, “म्हणजे शासनाची भूमिका बदलली?”

हे त्यांचं रोजचं वाक्य. धरणग्रस्तांचं प्रकरण असो की शेजाऱ्याच्या सातबाऱ्याची भानगड, ते आधी हेच विचारणार. त्यांनी मला ते पत्र मेल करायला लावलं. दोन दिवस शब्दकोश घेऊन बसले आणि मग स्वतःहून फोन केला. “यात दोन गोष्टी आहेत. बचाव करणार नाही, पण अंमल करणार. म्हणजे तू आज अर्ज केलास तर तो नामंजूरच होणार. पण नामंजूर करणारं शासनच कोर्टात सांगणार, की हे नामंजूर करणं चूक आहे. फार मोठी गोष्ट आहे ही.” दीड वर्षात आमच्या नात्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते, आणि त्यासाठी त्यांना सरकारी पत्राचा आधार लागला होता.

मार्चच्या शेवटी एक हुलकावणी झाली. समलिंगी जोडप्यांचे अर्ज नामंजूर न करता तसेच ठेवणार, असं इमिग्रेशन खात्याकडून कळलं. लोकांनी वकिलांना फोन करून करून हैराण केलं. दोनच दिवसांत स्थगिती उठली : कायदा आहे तोवर अर्ज नामंजूर होणार. बाबांनी वाचलं होतं तेच खरं.

वकिलांचे सल्ले दोन प्रकारचे होते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना सगळे एकमुखाने ‘अर्ज करू नका’ सांगत, कारण जोडीदाराने अर्ज केला की तुम्हाला इथे कायमचं राहायचंय हे लेखी होतं, आणि त्या व्हिसाला ते चालत नाही. एच-वन बीला चालतं. त्यामुळे माझ्या बाबतीत एक वकीलबाई म्हणाल्या, थांबा, पैसे वाया जातील. दुसरे म्हणाले, करा. नामंजुरी येईल, पण उद्या दार उघडलं तर तुमचा कागद आत असेल. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, “अर्ज दिला की आवक नोंदवहीत नोंद होते. नोंद नसलेल्या माणसाला कुठलंच शासन ओळखत नाही.”

न्यूयॉर्क राज्यात समलिंगी लग्नाचा कायदा २४ जुलै २०११ ला अमलात आला. न्यू जर्सीत तेव्हा फक्त सिव्हिल युनियन, म्हणजे लग्नासारखी नोंदणी, पण लग्न नव्हे, एवढंच मिळत होतं, म्हणून आम्ही सप्टेंबरात नदी ओलांडून मॅनहॅटनच्या वर्थ स्ट्रीटवरच्या मॅरेज ब्युरोत गेलो. लायसन्सचे ३५ डॉलर, मग चोवीस तासांची सक्तीची वाट, मग विधीचे २५ डॉलर. तिचे आईवडील आले, माझे नाही आले.

अर्ज आम्ही २०१२ च्या सुरुवातीला भरला. आय-१३०, म्हणजे नागरिकाने आपल्या जोडीदारासाठी करायचा अर्ज, फी ४२० डॉलर. लग्न खरं आहे याचे पुरावे जोडायचे असतात, आणि त्यात वजनदार कागद मानला जातो तो नवराबायकोचा एकत्र भरलेला केंद्रीय आयकर. तो आमच्याकडे असणं शक्यच नव्हतं, कारण डोमामुळे आम्हाला एकत्र रिटर्न भरायला मनाई होती! उलट, तिने मला आपल्या आरोग्य विम्यात घेतलं तेव्हा तो विम्याचा वाटा तिचं जादा उत्पन्न धरून त्यावर कर लावला गेला. नवराबायकोंना तो लागत नाही. तिची ती पगाराची स्लिप मी मुद्दाम फायलीत लावली. भाड्याचा करार, एकत्र खातं, माझ्या आजारपणात हॉस्पिटलने तिच्या नावाने दिलेली बिलं, मैत्रिणींची पत्रं, असं सगळं जमवून पाकीट रवाना केलं.

त्याच दिवसांत भारतात जे झालं ते विसरता येत नाही. ३७७ चं अपील सुप्रीम कोर्टात सुनावणीला होतं. २३ फेब्रुवारी २०१२ रोजी, होल्डर यांच्या पत्राला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, केंद्र सरकारच्या वतीने अतिरिक्त सॉलिसिटर जनरल उभे राहिले आणि समलिंगी संबंध अत्यंत अनैतिक आहेत, असं त्यांनी कोर्टाला सांगितलं. काही तासांतच गृह मंत्रालयाने ही आपली भूमिका नाही असं जाहीर केलं. पुढे अ‍ॅटर्नी जनरल वहानवटी यांनी येऊन हायकोर्टाच्या निकालात सरकारला कायदेशीर चूक दिसत नाही, असं सांगितलं. बाबांनी हे पेपरात वाचलं आणि ते खरोखर चिडले. समलिंगी असण्यापेक्षा त्यांना हे जास्त झोंबलं. “खात्याची लेखी सूचना नसताना वकील बोलतोच कसा? आणि बोलल्यावर खातं नाकारतं कसं? लाखो माणसांचा प्रश्न आहे, आणि यांची टिपणी तयार नाही!” मी पलीकडे ऐकत होते. त्या लाखो माणसांत त्यांनी मला धरलं होतं.

आमची नामंजुरी वसंतात आली. भाषा सभ्य होती. डोमाचं तिसरं कलम, आणि त्याखाली एका जुन्या खटल्याचा हवाला : अ‍ॅडम्स विरुद्ध हॉवर्टन, १९८२. तो खटला मी शोधून वाचला. रिचर्ड अ‍ॅडम्स अमेरिकन, अँथनी सलिव्हन ऑस्ट्रेलियन. १९७५ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावच्या काउंटी क्लार्क क्लेला रोरेक्स यांनी त्यांना लग्नाचं लायसन्स दिलं. कायद्यात कुठे मनाई लिहिलेली नाही, मग मी कोण अडवणार, हा त्यांचा विचार. अ‍ॅडम्सने सलिव्हनसाठी अर्ज केला. त्याला उत्तर म्हणून इमिग्रेशन खात्याने जे पत्र पाठवलं, त्यात दोन गे पुरुषांमध्ये खरं वैवाहिक नातं असू शकतं हे तुम्ही सिद्ध केलेलं नाही, असं एका वाक्यात लिहिलं होतं. ‘गे पुरुष’ हा शब्द मी वापरतेय. सरकारी पत्रात रस्त्यावरची गलिच्छ शिवी टाइप केलेली होती. ते दोघे कोर्टात लढले आणि हरले, आणि त्यांचं हरणं तीस वर्षांनी माझ्या पत्रात कारण म्हणून आलं. अ‍ॅडम्स डिसेंबर २०१२ मध्ये वारले, म्हणजे पुढचा निकाल लागायच्या सहा महिने आधी. सलिव्हनना ग्रीन कार्ड मिळालं ते २०१६ साली. या दोघांबद्दल बोलताना माझा आवाज अजून भरून येतो.

ज्या खटल्याने सगळं बदललं तो ईडिथ विंडसर यांचा. त्यांचं आणि थिया स्पायर यांचं लग्न २००७ साली टोरांटोत झालं होतं. स्पायर २००९ मध्ये वारल्या. नवरा वारला असता तर विधवेला वारसा कर लागला नसता. विंडसरबाईंना ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले. त्यांनी परतावा मागितला, आणि प्रकरण ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध विंडसर’ म्हणून सुप्रीम कोर्टात गेलं.

हे नाव ऐकून बाबा गोंधळले. सरकार जर बाईंच्या बाजूने आहे, तर सरकार विरुद्ध बाई कसं? प्रश्न रास्त होता, आणि खुद्द न्यायाधीशांनाही तोच पडला होता. सरकारचं म्हणणं होतं की कलम घटनाबाह्य आहे, पण परतावा मात्र त्यांनी दिलेला नव्हता. पैसे दिले असते तर भांडण संपलं असतं, आणि देशभरासाठी निकाल लागलाच नसता. कलमाचा बचाव करायला प्रतिनिधिगृहातल्या बहुमताच्या वतीने पॉल क्लेमेंट हे वेगळे वकील उभे केले होते. २७ मार्च २०१३ ला सुनावणी झाली आणि कोर्टाने त्याच दिवशी तिचं ध्वनिमुद्रण खुलं केलं. आम्ही दोघी रात्री स्वयंपाकघरात लॅपटॉपवर ते ऐकत बसलो. पहिला बराच वेळ याच वादात गेला, की मुळात हा खटला कोर्टापुढे येऊ शकतो का. सरकारच्या वतीने तो भाग मांडला श्री श्रीनिवासन यांनी. डेप्युटी सॉलिसिटर जनरल, जन्म चंदीगडचा, लहानाचे मोठे कॅन्ससमध्ये झालेले. साताऱ्याला ही बातमी मी दुसऱ्या दिवशी दिली तेव्हा आईने त्यांचं नाव दोनदा विचारून घेतलं.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी सरकारला टोचून विचारलं, की राष्ट्राध्यक्षांना कलम घटनाबाह्य वाटतं तर ते राबवतात कशाला, स्वतःच्या मतावर ठाम राहण्याचं धैर्य का दाखवत नाहीत? हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागायला हवा होता, कारण राबवण्याची झळ मलाच बसली होती. नामंजुरीचं पत्र माझ्या घरात होतं. तरी मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, की सरकारने केलं ते बरोबर केलं. एका राष्ट्राध्यक्षाने गुपचूप राबवणं थांबवलं असतं, तर पुढच्याने ते गुपचूप पुन्हा सुरू केलं असतं. कोर्टात उभं राहून, सगळ्यांदेखत, ‘आमचाच कायदा चूक आहे’ असं म्हणून निकाल मागायला जास्त धैर्य लागतं.

नंतर सॉलिसिटर जनरल डोनाल्ड व्हेरिली बोलायला उठले. सुरुवातीलाच त्यांनी सैनिकाचं उदाहरण दिलं : कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या सैनिकाच्या समलिंगी जोडीदाराला, सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणून सरकारकडून अधिकृत निरोप मिळण्याचा सन्मानही या कलमाने नाकारला आहे. मी तिथे ध्वनिमुद्रण थांबवलं आणि ते वाक्य परत लावलं. माझा धाकटा मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेला. आमच्या जिल्ह्यात घरटी कुणी ना कुणी फौजेत. असा निरोप दारात येतो म्हणजे काय, आणि तो कुणाच्या नावाने येतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

२६ जून २०१३ ला पाच विरुद्ध चार मतांनी तिसरं कलम रद्द झालं. निकाल न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बायकोला फोन केला. ती रडत होती, मी हसत होते.

त्यानंतर सरकारी यंत्रणा ज्या वेगाने हलली, तसा वेग मी आयुष्यात पाहिलेला नाही. दोन दिवसांत फ्लोरिडातल्या एका जोडप्याचा अर्ज मंजूर झाला. फ्लोरिडा स्वतः असं लग्न मानत नव्हतं, पण लग्न जिथे लागलं तिथला कायदा बघायचा असा खात्याचा नियम, आणि त्यांचं लग्न न्यूयॉर्कला लागलं होतं. १ जुलैला गृहसुरक्षा मंत्री जॅनेट नापोलितानो यांनी आदेश दिला, की समलिंगी जोडीदारांचे अर्ज इतरांसारखेच तपासा. आणि मग आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना आली : फक्त डोमामुळे नामंजूर झालेले अर्ज खातं स्वतःहून शोधून पुन्हा उघडेल, फी न घेता. कुठल्या तारखेनंतरचे? २३ फेब्रुवारी २०११ नंतरचे.

होल्डर यांच्या पत्राचीच तारीख. ज्या दिवशी सरकारने कोर्टात बाजू बदलली, त्या दिवसापासून दिलेल्या नामंजुऱ्या सरकारने आपल्याच जबाबदारीवर घेतल्या. त्याआधी नामंजूर झालेल्यांना मात्र स्वतः कळवावं लागणार होतं. आमच्या पत्त्यावर पुन्हा उघडल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “आवक नोंद.” मग फोन आईकडे दिला, कारण त्यांना पुढे बोलता येईना.

आता ग्रीन कार्डासाठी माझा स्वतःचा अर्ज, आय-४८५. डॉक्टरकडची तपासणी आणि तिचं बंद पाकीट, बोटांचे ठसे, बायकोच्या पगारावर हमीपत्र. यातलं काही कठीण नाही, फक्त फी भारी. अडलं ते जन्माच्या दाखल्यापाशी. मी थोरली, म्हणून आईच्या माहेरी जन्मलेले. तिथल्या नगरपालिकेतून बाबांनी उतारा काढून आणला. तारीख आहे, बापाचं नाव आहे, आईचं नाव आहे, ‘मुलगी’ असं लिहिलेलं आहे, आणि नावाचा रकाना कोरा. बारशाच्या आधी नोंद झाली की असंच व्हायचं; माझ्या वयाच्या कितीतरी जणांच्या दाखल्यात हा रकाना कोरा आहे. अशा वेळी जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. म्हणजे आई, आणि मामा.

मामाला तोवर काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी त्याला घरी बोलावून सगळं सांगितलं, आणि सांगताना व्हेरिलींनी कोर्टात काय उदाहरण दिलं तेही सांगितलं. मामाने म्हणे फक्त विचारलं, “हे तिकडच्या सरकारच्या वकिलानं सांगितलं? कोर्टात?” हो म्हटल्यावर तो पायात चपला घालून सहीला निघाला.

पुढचं मला मामाकडून कळलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे आईने आपलं म्हणणं सांगितलं : माझ्या पोटी, माझ्या माहेरी, पहाटे, श्रावणी सोमवारी. टायपिस्ट म्हणाला, वार नको मावशी, तारीख पुरे. आईने वार घालायलाच लावला. मग त्याने विचारलं, हे कशासाठी वापरायचं? ग्रीन कार्डासाठी. जावयांचं नाव घालू का? बाबा म्हणाले, त्याची गरज नाही. आई मात्र म्हणाली, “जावई नाहीत. माझ्या मुलीनं मुलीशी लग्न केलंय. तिकडच्या सरकारनं मान्य केलंय, म्हणून तर हे कागद चाललेत.” तिथे आणखी चार माणसं स्टॅम्प पेपर घेऊन बसली होती. कुणी काही बोललं नाही. टायपिस्टने पुढची ओळ टाइप केली.

चार वर्षं आई ‘लोकांना काय सांगायचं’ म्हणून झुरत होती. तिला माझ्या प्रेमाबद्दल बोलायला शब्द सापडत नव्हते, आणि मी ते तिच्याकडून मागायचंही सोडून दिलं होतं. सरकारने मान्य केलंय, हे तिला चारचौघांत बोलता आलं. म्हणूनच सरकारी वकील कोर्टात काय बोलतो याला मी इतकं महत्त्व देते. निकाल न्यायाधीश देतात, पण सरकारचं बोलणं थेट घराघरांत जातं. ते ऐकून बाप फोन करतो, मामा चपला घालतो.

प्रतिज्ञापत्रं मराठीत होती. त्यांचं इंग्रजी भाषांतर दुसऱ्या कुणीतरी करून, आपल्याला दोन्ही भाषा येतात असं सही करून द्यायचं असतं. एडिसनमधल्या एका मैत्रिणीला मी ते काम दिलं. गणपतीत आम्ही एकत्र मोदक करायचो, पण तिला माझी बायको ‘रूममेट’ म्हणूनच माहीत होती. सोबत जोडायचं पत्रही तिच्याकडेच होतं, त्यात सगळं लिहिलेलं. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, “भाषांतर झालंय. पुढच्या वर्षी तिला पण सोवळं नेसवू का?” या प्रक्रियेत असं होतं. एकेक कागद करताना एकेका माणसाला सांगावं लागतं, आणि कोण कसं निघेल याचा अंदाज बांधता येत नाही. सगळेच तिच्यासारखे निघाले नाहीत.

मुलाखत डिसेंबरात होती, नेवार्कच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या फेडरल इमारतीत. त्याच्या आधीच्या आठवड्यात, ११ डिसेंबर २०१३ ला, भारताच्या सुप्रीम कोर्टाने दिल्ली हायकोर्टाचा निकाल फिरवला. ज्या निकालाच्या बळावर मी आईबाबांना सांगितलं होतं, तोच गेला. मी एका देशात गुन्हेगार आणि दुसऱ्या देशात धर्मपत्नी, अशी त्या आठवड्यात मुलाखतीची तयारी करत होते. बायकोने तारीख पुढे ढकलू या का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

अधिकारी पन्नाशीचा गृहस्थ होता. दोघींना उभं करून शपथ दिली. कुठे भेटलात, घरात स्वयंपाक कोण करतं, तिच्या भावाच्या मुलांची नावं काय. आयकराचा कागद शोधताना तो थांबला, वर बघून म्हणाला, “अर्थात, तुम्हाला तेव्हा एकत्र भरता येत नव्हता.” आयकर खात्याने २९ ऑगस्टलाच जाहीर केलं होतं की आमच्यासारख्यांना मागच्या वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करून एकत्र भरता येतील. मी दुरुस्त रिटर्न्सच्या प्रती पुढे केल्या. त्याने त्या लावून घेतल्या. मग आईच्या प्रतिज्ञापत्राचं भाषांतर वाचलं आणि श्रावणी सोमवार म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. त्याने खाली काहीतरी लिहिलं. शेवटी म्हणाला की मी मंजुरीची शिफारस करतोय, कार्ड टपालाने येईल.

लग्नाला दोन वर्षं झालेली नसली तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. आमचं लग्न सप्टेंबर २०११ चं, म्हणून मला थेट दहा वर्षांचं मिळालं. वर्थ स्ट्रीटला वेळेत गेल्याचा हा फायदा.

२१ डिसेंबरला सकाळी बाबांचा फोन : “इथल्या शासनाने पुनर्विचार याचिका दाखल केलीय.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. ती याचिका पुढच्या महिन्यात फेटाळली गेली. २०१८ ला ३७७ गेलं, पण त्या वेळी केंद्राने हा प्रश्न आम्ही कोर्टाच्या विवेकावर सोपवतो, असं प्रतिज्ञापत्र दिलं. बाबांना ते मुळीच पटलं नाही. मत नसलेलं शासन त्यांनी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. आणि २०२३ च्या मार्चमध्ये विवाह समानतेच्या खटल्यात केंद्राचं प्रतिज्ञापत्र आलं ते थेट विरोधाचं. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या गेल्या. त्या प्रतिज्ञापत्राचा अर्थ आईला सांगावा लागला नाही. टीव्हीवर ते चालू असताना शेजारच्या काकू घरात होत्या, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आईने चॅनेल बदललं.

त्या खटल्यात केंद्राने एक गोष्ट कबूल केली होती : समलिंगी जोडप्यांच्या रोजच्या अडचणी बघायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली. ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की अशा जोडीदारांना बँकेत एकत्र खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला कसलीही आडकाठी नाही. पुण्यातल्या माझ्या दोन मैत्रिणींनी त्याची प्रत घेऊन जाऊन खातं उघडलं. सप्टेंबरात सरकारने लोकांकडून सूचना मागवल्या.

मी आता अमेरिकेची नागरिक आहे आणि माझ्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येण्या-राहण्यासाठी मिळतं ते. दोन वर्षं टिकलेल्या, नोंदणी झालेल्या लग्नातल्या परदेशी जोडीदाराला ते कार्ड मिळतं. कायद्यात तिथे ‘स्पाउस’ एवढंच लिहिलेलं आहे, नवरा की बायको ते नाही. तरीही माझी बायको साताऱ्याला येते ती पर्यटक व्हिसावर.

बाबांनी सूचना लिहून पाठवली. ऐंशीच्या घरातले आहेत, पण टिपणी लिहायची पद्धत तीच. वर ‘विषय : समलिंगी दांपत्यातील परदेशी जोडीदारास ओसीआय कार्ड मिळणेबाबत’. त्याखाली संदर्भ, त्यात नागरिकत्व कायद्याचं कलम आणि २३ फेब्रुवारी २०११ चं होल्डर यांचं पत्र. मग मजकूर : “उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझी सून ही गेली तेरा वर्षे माझ्या कन्येची विवाहित पत्नी आहे. तिला दरवेळी पर्यटक म्हणून यावे लागते. ती पर्यटक नाही. शासनाने याबाबतची आपली भूमिका बदलून ती न्यायालयात स्पष्टपणे मांडावी, ही विनंती.” रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि स्थळप्रत मला स्कॅन करून दिली. बायकोला मी भाषांतर करून वाचून दाखवलं, तेव्हा तिने विचारलं की मलाही खाली सही करता येईल का. बाबा म्हणाले, आता पाठवलेल्यावर नाही. पण स्मरणपत्र जाईल त्यावर आधी तुझी सही, मग माझी.